स्विच-स्निफ की आय-स्वी: न्यूक्लिओसोम हलवतं कोण?

लातूर-नांदेडकडची बारावीची पोरं न्यूक्लिओसोम तोंडपाठ सांगतात: आठ हिस्टोन प्रथिनं, भोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या. एमएस्सीला आलं की खरा प्रश्न पडतो, हे वेढे हलवतं कोण? दोन प्रथिन-यंत्रांची नावं पुढं येतात, स्विच-स्निफ (SWI/SNF) आणि आय-स्वी (ISWI), आणि पेपरात त्यांची हमखास अदलाबदल होते.

साम्य एवढंच: दोन्ही एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून डीएनए हिस्टोनवरून सरकवतात.

स्विच-स्निफ जरा धसमुसळा. न्यूक्लिओसोम सरकवतो, कधी उखडूनही टाकतो. प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीचा डीएनए) मोकळा झाला की ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुक वाचायला लावणारी प्रथिनं) येऊन बसतात नि जनुक चालू होतं. त्याचा ब्रोमोडोमेन नावाचा भाग अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट लागलेल्या हिस्टोनच्या शेपटीला धरतो. माणसाच्या सुमारे २० टक्के कर्करोगांत याच संकुलाचे घटक बनवणाऱ्या जनुकांत बिघाड सापडतो. एआरआयडी१ए (ARID1A) हे जनुक त्यात आघाडीवर.

आय-स्वीचं काम तिफणीनं पेरल्यासारखं, न्यूक्लिओसोम सारख्या अंतरावर. दोहोंमधला मोकळा डीएनए किती लांब, हे तो हेरतो. एच४ या हिस्टोनच्या शेपटीवर १६व्या जागच्या लायसिनला (एका अमिनो आम्लाला) अ‍ॅसिटिल लागला की मात्र त्याचा जोर ओसरतो. म्हणजे अ‍ॅसिटिल एकाला धरून ठेवतो, दुसऱ्याला थोपवतो (जागा तेवढ्या वेगळ्या). मला तर या जोडीतली हीच गंमत वाटते.

पण ‘एक जनुकं चालू करतो, दुसरा बंद’ असं लिहून मोकळं होऊ नका. यीस्टमध्ये स्विच-स्निफ काही जनुकं दाबूनही ठेवतो. आणि फळमाशीतल्या एनयूआरएफ (NURF) या प्रथिन-संकुलात एटीपी खर्चणारा घटक आय-स्वी हाच असतो, तरी ते संकुल जनुकं चालू करायला हातभार लावतं.