फक्त गरम पाण्याची धार बारीक होती, पंप न घेता काम झालं

मानेवाडा चौकाजवळच्या छोट्या प्लंबिंगच्या दुकानातल्या काकांसाठी लिहून राहिली आहे, कारण दिवाळीपासून आम्ही वैतागलो होतो. बाथरूममध्ये थंडा नळ सोडला की २ मिनिटांत बादली भरे अन् गरमची धार अशी की तीच बादली भरायला ७ मिनिटं, त्यात मिक्सरमध्ये थंडं थोडं जरी सोडलं की गरम बंदच. नागपूरची थंडी, सासूबाईंचं वय ७८, सकाळी त्या कुडकुडत बसायच्या, बघवत नव्हतं.

आधी एक जण आला होता, त्याने नळसुद्धा न उघडता सांगितलं प्रेशर पंप लावा. काका आले ते बादली घेऊनच बसले. म्हणाले, "ताई, टाकी एकच, थंड्याला प्रेशर आहे म्हणजे टाकीचा दोष नाही, अडलं आहे ते गरमच्याच वाटेवर." किती सरळ गोष्ट आहे ना! माझा मुलगा पण म्हणाला की गरम पाणी उलट पातळ असतं, ६० डिग्रीला त्याचा चिकटपणा २० डिग्रीच्या अर्ध्याहून कमी, मग ते हळू यायचं कारणच नाही.

एमसीबी (गिझरच्या विजेचा मेन स्विच) पाडून त्यांनी गिझरमध्ये पाणी आणणारा पाइप सोडला, बादलीत धो धो पाणी, म्हणजे तिथपर्यंत वाट मोकळी. मग गिझरच्या तोंडावरचा नॉन रिटर्न वॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) काढला तर आत पांढरा दगडच जमलेला, स्प्रिंग हलेना. आमचं बोरचं पाणी, जड, तापलं की क्षार खाली बसतो, म्हणून थंड्या लाइनमध्ये एवढं होत नाही. बाहेर निघायच्या बाजूला एक जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निप्पल, म्हणजे जोडाचा छोटा पाइप, राहून गेला होता, बाकी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपची), तो निप्पल गंजून आतून पेन्सिलएवढा झाला होता. दोन्ही बदलले, नळाची जाळी व्हिनेगरमध्ये ठेवून साफ केली.

मला सगळ्यात आवडलं ते हे की वॉल्व नवीनच लावला. काही लोक तो काढूनच टाकतात म्हणे, धार वाढते, पण वरची टाकी रिकामी झाली की गिझरमधलं पाणी उलटं उतरू शकतं अन् कॉइल कोरडी तापते. आणि जाताना पुन्हा पुन्हा बजावलं की गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत गिझरचं बटण दाबू नका.

सामानासकट ८५० रुपये लागले. आता बादली अडीच मिनिटांत भरते. सकाळी ११ ची वेळ देऊन ४ ला आले, हे मात्र आवडलं नाही, अन् बिल मागितल्यावरच दिलं. फोन ८ च्या आत करा, त्यानंतर ते साइटवर निघून जातात.