धाकट्याची टेस्ट कुठली करायची? जीन, अँटीबॉडी की शुगर

मोठीला टाइप वन डायबेटीस निघाला तेव्हा ती सात वर्षांची, उलट्या आणि धाप घेऊन थेट आयसीयूत. त्याआधी दोन आठवडे रात्री उठून उठून पाणी पीत होती आणि आम्ही म्हणत होतो उन्हाळा आहे. त्यामुळे धाकट्याचं आधीच कळेल का, हा किडा डोक्यात बसला. कळतं. पण टेस्ट तीन प्रकारच्या आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं, हे आधी माहीत असतं तर माझे पैसे वाचले असते.

पैसे गेले जीन टेस्टमध्ये. ती एकदाच करायची, एचएलए म्हणजे रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जीन, त्यांचे प्रकार बघतात. पण धोक्याचे जीन असलेल्या बहुतेक पोरांना टाइप वन कधीच होत नाही, मग रिपोर्ट वाईट आला तर नुसती झोप उडते, करायचं काहीच नाही. शिवाय अनेक जीन मिळून जो स्कोअर काढतात तो युरोपियन लोकांच्या डेटावर बनलेला. पुण्याचं केईएम हॉस्पिटल, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी तो भारतीय पेशंटवर तपासला, २०२० मध्ये छापून आलं, चालतो, पण तिकडच्याइतका नेमका नाही.

माझं मत विचाराल तर अँटीबॉडीच, म्हणजे शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय याची रक्तातली खूण. चार असतात: इन्सुलिनविरुद्धची, गॅड, आयए-टू आणि झिंकवाली झेडएनटी-एट. फिनलंड, जर्मनी आणि कोलोरॅडोच्या मुलांवरचा २०१३ चा अभ्यास आहे, त्यात दोन किंवा जास्त अँटीबॉडी आलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत डायबेटीस झाला, एकच आलेल्यांत साधारण १५ टक्के. इतका फरक बाकी कुठली टेस्ट दाखवत नाही. फक्त एक सांभाळा, आपल्याकडे बऱ्याचदा नुसती गॅड लिहून देतात, आणि अगदी लहान मुलांत बऱ्याचदा आधी इन्सुलिनवाली येते, म्हणजे गॅड निगेटिव्ह बघून तुम्ही निवांत आणि आत काम सुरू. आणि एकदा निगेटिव्ह म्हणजे कायमची सुट्टी नाही, काही वर्षांनी परत करावी लागते. पॉझिटिव्ह आली तरी दुसऱ्या सँपलवर खात्री करायचीच.

शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), ग्लुकोज पाजून जीटीटी, हे सगळं दोन अँटीबॉडी सापडल्यावर, किती जवळ आलंय ते बघायला. सुरुवातीलाच करून नॉर्मल आलं तर त्यातून पुढचं काही कळत नाही. लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवतोही. हां, पण तहान, सारखी लघवी, वजन उतरणं दिसलं तर हे सगळं सोडा आणि त्याच दिवशी शुगर बघा.

कळून उपयोग काय, असं सासूबाई विचारतात. एक म्हणजे आयसीयू टळू शकतं. दुसरं, दोन अँटीबॉडी आणि शुगर डगमगायला लागलेली असेल तर टेप्लिझुमॅब नावाचं औषध आहे, अमेरिकेत २०२२ मध्ये आठ वर्षांपुढच्यांसाठी मंजूर झालं, ते आजार साधारण दोन वर्षं लांबवतं. दोन वर्षं कमी वाटतात, इन्सुलिन टोचणाऱ्या आईला विचारा.

आमच्या पाच वर्षांच्याला एकच आलीय, गॅड. परत तपासली, तीच. आता वर्षाने पुन्हा. मध्येच कधी तो ‘माझं पण बघ’ म्हणून हट्ट करतो, मग ताई सुई बदलून त्याचं बोट टोचते आणि आकडा मोठ्याने वाचते. काल ९४ होती.