टाइप रेटिंगसह फर्स्ट ऑफिसरची नोकरी: माझे १४,१५,००० रुपये कसे गेले

परदेशातल्या विमान कंपनीत पायलटची नोकरी लावून देतो, असं सांगून एका एजंटने मला फसवलं. आधी आकडे सांगते. नोंदणी २५,०००. कागदपत्र पडताळणी ८५,०००. टाइप रेटिंगचा (म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण आणि परवानगी) पहिला हप्ता ६,५०,०००, दुसरा ४,७५,०००. वर्क परमिट १,८०,०००. एकूण १४,१५,०००. यातले नऊ लाख पप्पांना प्रेसमधून रिटायर होताना मिळालेल्या फंडाचे होते. बाकीचे मामाकडून आणि आईचं सोनं ठेवून उभे केले. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं, कारण नाशिकला जेल रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही सगळ्यांना वाटतं की माझं परदेशातलं जॉइनिंग लांबलंय.

"शिकलेली मुलगी फसली कशी?" असं विचारणाऱ्यांनी जरा त्या वेळची परिस्थिती बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये माझं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, हातात आलं. उड्डाणाचे २०० तास पूर्ण, सगळे पेपर पास, क्लास वन मेडिकल फिट. आणि नोकऱ्या? ३ मे २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली होती, तिचे टाइप रेटेड पायलट रांगेत आमच्या पुढे. दुसरीकडे इंजिनांच्या बिघाडामुळे विमानं जमिनीवर उभी. २०० तासांच्या फ्रेशरला विचारतो कोण? कर्जाचा हप्ता महिन्याला ४८,६०० रुपये. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा चेक दरवर्षी, त्याचा खर्च वेगळा. ओझरच्या विमानतळावरून विमान उठलं की आई वर बघायची आणि मी आत जायचे.

जुलै २०२४ मध्ये माझ्यासमोर दोन ऑफर होत्या. एक आमच्याच फ्लाइंग स्कूलची. असिस्टंट इन्स्ट्रक्टर, पगार ३०,०००, उड्डाणाच्या तासामागे वर थोडे पैसे, दोन वर्षांचा करार, रेटिंगचा खर्च माझा. दुसरी या एजंटची. आग्नेय आशियातल्या एका कंपनीत एअरबस ए-३२० चा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), टाइप रेटिंग, ५०० तासांचं लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी फेऱ्यांवरचं) आणि नंतर महिन्याला १,९०० डॉलर. मी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे लिहिलं "पुन्हा सेस्ना" (शिकायचं छोटं विमान), दुसरीकडे लिहिलं "जेट". एका ठिकाणी पगार मला मिळणार होता आणि दुसऱ्या ठिकाणी हप्ते मी भरणार होते, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही. मी सोडलेली ती जागा बॅचमधल्या एका मित्राने घेतली. आज त्याचे ७०० च्या वर तास झालेत.

हा एजंट अडाणी नव्हता, हे मी ठासून सांगते. ऑनलाइन इंटरव्ह्यूला दोन "कॅप्टन" बसले होते. व्ही-वनच्या (टेकऑफ सोडून देता येतो तो शेवटचा वेग) आधी इंजिन फेल झालं तर काय, टीकॅसचा (टक्कर टाळणारी यंत्रणा) आदेश आणि एटीसीची, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरची, सूचना उलटसुलट आली तर कोणाचं ऐकायचं, असे खरे प्रश्न विचारले. दोन प्रश्नांना मी अडखळले तर एकाने समजावूनही सांगितलं. तो स्वतः नाशिकला आला, मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात पप्पांना भेटला, त्यांच्या पाया पडला.

आता ती संध्याकाळ. २३ सप्टेंबर. तोवर आमच्याकडे तीन कागद आले होते: ऑफर लेटर, ट्रेनिंगचा करार आणि व्हिसासाठीचं पत्र. तिन्हीवर तारखा वेगळ्या, तिन्हीवर कंपनीचा निळा गोल शिक्का. पप्पांची अख्खी नोकरी नोट प्रेसमध्ये गेली, छापलेला कागद त्यांना हाताला कळतो. त्यांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरले. तीन शिक्के एकावर एक तंतोतंत बसले. तिरकेपणा तोच, आणि कड्याला डावीकडे खाली जी बारीक फट होती ती तिन्हीत त्याच जागी. पप्पा म्हणाले, "बेटा, हाताने मारलेला शिक्का दोनदा सारखा बसत नाही. हा मारलेला नाही, छापलेला आहे."

मी काय म्हणाले माहितीये? "पप्पा, आता सगळं डिजिटल असतं." वर हेही म्हणाले की, तुम्हाला एव्हिएशनमधलं काय कळतं. ते काही बोलले नाहीत. कागद नीट फाइलला लावले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बँकेत येऊन ४,७५,००० च्या आरटीजीएसच्या फॉर्मवर सही केली. त्यांना मी आजवर सॉरी म्हणू शकले नाही.

त्या फॉर्मवरही दिसत होतंच. पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं होतं. विचारलं तर म्हणे आमची सिस्टर कंपनी. बिलावर पत्ता दिल्लीचा, आणि जीएसटी नंबर ०९ ने सुरू. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: दिल्लीचे ०७, आपले २७, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. बिल हातात आलं की नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाका, दोन मिनिटं लागतात. आणि परदेशातली नोकरी लावून देणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, आणि नोकरी लावण्याचे ३०,००० अधिक जीएसटी यापेक्षा जास्त त्याला घेता येत नाहीत. तीस हजार! मी हे १४ लाख गेल्यावर वाचलं.

१८ नोव्हेंबरला एका ट्रेनिंग सेंटरमध्ये माझा सिम्युलेटरचा (सरावाचं नकली कॉकपिट) स्लॉट होता. १२ तारखेला, तिकीट अजून का येत नाही म्हणून, मी त्या ट्रेनिंग सेंटरला थेट फोन लावला. नंबर त्यांच्या वेबसाइटवरच होता. तिथल्या मुलीने माझं नाव दोनदा तपासलं. बुकिंग नाही, अशी एजन्सी माहीत नाही. चार मिनिटांचा फोन. पहिल्या हप्त्याच्या आधी हा फोन करायला मला कोणी अडवलं होतं?

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. पण शेवटचा हप्ता जाऊन २९ दिवस झाले होते. खातं कधीच रिकामं झालं होतं. १९३० चा उपयोग पैसे पुढे सरकायच्या आत होतो. शंका आली की त्याच तासाला फोन करा, घरच्यांना काय सांगू याचा विचार नंतर.

आणि मग सुरू झाल्या फेऱ्या. एका ठाण्यात म्हणाले, माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटला, तुम्ही स्वतः बँकेत जाऊन पैसे पाठवले, हे सायबर नाही, दुसऱ्या ठाण्यात जा. तिथे म्हणाले, इंटरव्ह्यू ऑनलाइन, व्यवहार ऑनलाइन, हे सायबरच. तिसऱ्या वेळी सांगितलं, आरोपी दिल्लीकडचा, तिकडे जाऊन तक्रार द्या. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, हे नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. मी ते पान छापून नेलं तर समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका. नोकरीसाठी पैसे दिलेच कशाला?" पप्पा शेजारी उभे होते. त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. बँकेत गेलो तर समोरच्या खातेदाराची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यानिशी आणा. शिक्का मारणारा माणूस चार दिवस रजेवर. शेवटी पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा ९ जानेवारी २०२५ ला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. ५८ दिवस! त्यानंतर तपास अधिकारी दोनदा बदलले, आणि प्रत्येक नव्या साहेबांना मी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कुठेही काहीही द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं तिथे कोणालाच आठवत नाही.

टाइप रेटिंगला पैसे लागतात, ते खोटं नाही. पण ते ट्रेनिंग संस्थेच्या नावाने, तिच्याच खात्यात जातात. देशातली संस्था असेल तर ती डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. आणि ऑफर लेटर विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल करून विचारा. एजंटने दिलेल्या "एचआर"च्या नंबरवर कधीच नाही.

आता मी इन्स्ट्रक्टर रेटिंगची तयारी करतेय, दुसऱ्या स्कूलमध्ये, २६,००० पगारावर. कर्जाचा हप्ता पप्पांच्या पेन्शनमधून जातो.

तपास पुढे सरकत नाही, कारण म्हणे तक्रारदार एकटीच आहे. मी एकटी नसणार, याची मला खात्री आहे. तुमच्या ऑफर लेटरवर निळा गोल शिक्का असेल आणि त्याच्या कड्याला डावीकडे खाली फट असेल, तर मला लिहा. लाज वाटत असेल तरी लिहा, मलाही वाटते. तीन मूळ कागद पप्पांनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलेत. तुमचा चौथा आणा, ट्यूबलाइटसमोर धरून बघू.