प्रोस्टेट वाढलंय: गोळ्या, टीयूआरपी की होलेप?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेट ५२ ग्रॅम’ असं आलं की घरात लगेच ऑपरेशनची बोलणी सुरू होतात. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या मार्गाभोवती असलेली पुरुषांची ग्रंथी. निव्वळ आकड्यावरून ऑपरेशन ठरत नाही. तीस ग्रॅमच्या प्रोस्टेटचा मधला भाग मूत्राशयात वर शिरला असेल तर लघवी तुंबू शकते, आणि नव्वद ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन माणूस निवांत झोपतो. गोळ्या की ऑपरेशन हे अडथळा किती आहे आणि मूत्राशय-किडनीवर काय परिणाम झालाय यावर ठरतं. आकार कामाला येतो तो कुठली गोळी आणि कुठलं ऑपरेशन हे ठरवताना.

आधी अडथळा मोजा

आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते, ३५ पैकी गुण. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. सौम्य त्रासाला बहुधा औषधही लागत नाही. संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करणं आणि बद्धकोष्ठता न होऊ देणं एवढ्यावर वर्षानुवर्षं निभतं.

दुसरी तपासणी यूरोफ्लो, म्हणजे धारेचा वेग. सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा चिंता नसते, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. मात्र १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली असेल तर तो आलेख धरू नये. तिसरी, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत पाहणं. इथे हमखास घोळ होतो. रुग्णाला बाटल्यावर बाटल्या पाणी पाजून बसवतात, मूत्राशय फुगून दुखायला लागतं, मग तो घाईत अर्धवट लघवी करून येतो आणि रिपोर्टवर १८० मिली शिल्लक येते. नेहमीसारखी लघवी लागल्यावर जा, सावकाश करा आणि लगेच तपासून घ्या. तरीही आकडा मोठा आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजा.

क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी), लघवीची तपासणी आणि पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी) हे रक्ता-लघवीचे रिपोर्ट सोबत हवेतच. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना पीएसए उगाच वाढलेला दिसतो, त्यामुळे सहा आठवडे थांबून तो पुन्हा करावा.

फक्त रात्रीच चार वेळा उठावं लागत असेल, तर तीन दिवस मापाचा मग घेऊन प्रत्येक लघवीची वेळ आणि माप वहीत लिहा. २४ तासांच्या लघवीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग रात्री होत असेल, तर दोष बहुधा प्रोस्टेटचा नाही. अनियंत्रित साखर, पायांची सूज, लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी घेणं किंवा झोपेतलं घोरणं-श्वास अडकणं ही कारणं आधी पाहावीत. अशा माणसाचं ऑपरेशन कितीही सुरेख झालं तरी रात्रीचं उठणं तसंच राहतं.

गोळ्या: दोन वेगळी कामं

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन हा एक गट. हे प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत कळतो, पण प्रोस्टेटची गाठ तसूभरही कमी होत नाही. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज ठरलेल्या एकाच जेवणानंतर घ्यावी. रिकाम्या पोटी घेतली तर उठताना चक्कर येते, आणि वयस्कर माणूस रात्री बाथरूमच्या वाटेवर पडतो. सिलोडोसिनने चक्कर तुलनेने कमी येते, पण वीर्य बाहेर न येण्याचं प्रमाण या गटात तिचंच सर्वाधिक. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर या गटातली कुठलीही गोळी चालू आहे किंवा पूर्वी चालू होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडून अडचण येते, आणि आधी कळलं तर ते तयारी ठेवतात.

दुसरा गट फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम. यांनी गाठ साधारण पाव हिश्शाने आकसते, पण त्यासाठी सहा महिने धीर धरावा लागतो. प्रोस्टेट ३० ते ४० ग्रॅमच्या वर असेल तरच यांचा उपयोग. लहान गाठीला ही गोळी दिली तर फायदा नगण्य आणि इच्छा कमी होणं, ताठरता घटणं हे दुष्परिणाम मात्र पदरी पडतात. मोठ्या गाठीत दोन्ही गट एकत्र दिल्याने लघवी तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा धोका कमी होतो. एक गोष्ट फाइलवर ठळक लिहून ठेवा: फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइडने सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. रिपोर्ट २.५ आला तर तो ५ धरून वाचायचा. नवीन डॉक्टरला गोळी सांगितली नाही तर कर्करोगाची शंका नजरेतून निसटू शकते.

ताठरतेची तक्रारही असेल तर टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज हा पर्याय आहे, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने तिला हात लावू नये.

सर्दीच्या गोळीनंतर लघवी अचानक तुंबली तर घाबरून त्याच आठवड्यात ऑपरेशन करू नका. नळी घालून, टॅमसुलोसिन सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात, आणि बऱ्याच जणांना लघवी सुटते.

गोळ्यांनी भागणार नाही तेव्हा

नळी काढल्यावर पुन्हा पुन्हा तुंबणं, मूत्राशयात खडा, वारंवार जंतुसंसर्ग, प्रोस्टेटमधून थांबत नसलेला रक्तस्राव, किंवा किडनीला सूज येऊन क्रिएटिनिन चढणं, यांपैकी काही असेल तर ‘अजून एक वर्ष गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला घातक आहे. वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचा स्नायू थकतो. तो पूर्ण निकामी झाल्यावर अडथळा काढला तरी लघवी जोराने होईलच असं नाही. मधुमेह जुना असेल किंवा एका वेळी लिटरभर लघवी साठत असेल, तर ऑपरेशनआधी यूरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयाचा जोर मोजणाऱ्या, तपासणीचा विषय काढा.

टीयूआरपी आणि होलेप

दोन्ही लघवीच्या मार्गातून, दुर्बिणीने, पोटावर चीर न देता होतात. संत्र्याची उपमा इथे चपखल बसते: टीयूआरपीत आतला गर चमच्याने खरवडावा तसा तुकड्या-तुकड्यांनी काढतात, तर होलेपमध्ये होल्मियम लेझरने गर सालीपासून अख्खा सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तिथे यंत्राने बारीक करून ओढून घेतात. म्हणून टीयूआरपीत काही ऊती मागे राहू शकते आणि दर वर्षी शंभरात एक-दोघांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. होलेपनंतर ती वेळ क्वचित येते.

साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत चांगल्या हातांनी केलेली टीयूआरपी उत्तमच आहे, लेझरच्या हव्यासापायी ती नाकारू नये. त्यात बायपोलर यंत्र आहे का, एवढं विचारा. जुन्या मोनोपोलर पद्धतीत ग्लायसिनचं पाणी वापरतात. ते जास्त वेळ रक्तात शोषलं गेलं तर सोडियम उतरून गोंधळलेपणा, उलट्या, झटके येऊ शकतात, म्हणूनच तासाभरात आटपावं लागतं. बायपोलर आणि होलेप दोन्ही सलाइनमध्ये होतात, तो धोका टळतो.

ऐंशी-शंभर ग्रॅमच्या पुढे होलेपचं पारडं स्पष्ट जड आहे. रक्तस्राव कमी, नळी बहुधा दुसऱ्या दिवशी निघते. पण हे शिकायला कठीण ऑपरेशन आहे, साधारण पन्नास केसेसनंतर हात बसतो. सर्जनला किती केल्या हे विचारण्यात संकोच नको. होलेपनंतर खोकताना-उठताना लघवी गळणं सुरुवातीला जास्त दिसतं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत थांबतं. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनआधीच शिकून घेतलेले बरे.

वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणं हा परिणाम दोन्हीत आहे: टीयूआरपीनंतर साधारण तीनपैकी दोघांना, होलेपनंतर त्याहून थोडा अधिक. सुख आणि ताठरता सहसा टिकते, पण मूल हवं असेल तर ही गोष्ट निर्णायक आहे. अशांनी मध्यम आकाराच्या गाठीसाठी गाठ बाजूला ओढून धरणारी यूरोलिफ्ट किंवा वाफेची रेझूम पद्धत विचारावी. सुधारणा तुलनेने कमी, पण वीर्यस्खलन बहुधा टिकतं.

क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी स्वतःहून बंद करू नका. किती दिवस आधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि यूरॉलॉजिस्ट मिळून ठरवतात. गोळी थांबवणं धोक्याचं असेल तेव्हा लेझरला प्राधान्य मिळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन प्रश्न विचारा: मंजुरी नेमक्या कुठल्या शस्त्रक्रियेला आहे, आणि लेझर घेतलं तर वेगळे पैसे पडतात का.

घरी गेल्यावर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास लघवी पुन्हा लाल होऊ शकते, कारण आतली खपली सुटते. भरपूर पाणी पिऊन ती निवळते. रक्ताच्या गाठी पडून धार अडली तर मात्र त्याच तासाला दवाखाना गाठा. महिनाभर जड उचलणं, दुचाकी आणि शौचाला कुंथणं टाळा. काढलेली ऊती पॅथॉलॉजीला गेली का ते पाहा आणि रिपोर्ट हातात घ्या. तीन महिन्यांनी पीएसए करून तो नवा पाया म्हणून नोंदवा. दोन्ही शस्त्रक्रियांत प्रोस्टेटचा बाहेरचा थर जागेवरच राहतो आणि बहुतेक कर्करोग तिथेच उगवतो, म्हणून पुढची पीएसए तपासणी डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी लागते.