सेलेरिओ सीएनजी: दहा महिने, साडेएकोणीस हजार किलोमीटर, वाघबीळ ते तळोजा

रोजचं जाऊन-येऊन ७६ किलोमीटर. घर घोडबंदर रोडला वाघबीळला आणि कंपनी तळोजा एमआयडीसीत. माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि पुढे तळोजा, आठवड्याचे सहा दिवस हाच रस्ता. ट्रेननेही एक वर्ष काढलंय, पण सातची फर्स्ट शिफ्ट असली की आधी घरून स्टेशन, मग ट्रान्सहार्बर, मग परत रिक्षा, कामाला हात लावायच्या आधीच माणूस दमून जातो. कंपनीची बस घोडबंदरला येत नाही. गाडीशिवाय इलाजच नव्हता.

आधीची पेट्रोल हॅचबॅक बारा वर्षांची झालेली, काही केल्या १५च्या वर ॲव्हरेज देत नव्हती. म्हणजे दिवसाला पाच लिटर, १०३ रुपयांच्या भावाने महिन्याचे साडेबारा हजार नुसते पेट्रोलचे, घराचा हप्ता वेगळा. गेल्या वर्षी जानेवारीत बायकोने वहीत वर्षाचा हिशोब करून समोर ठेवला, दीड लाख. आकडा बघून पोटात गोळाच आला, त्याच आठवड्यात गाड्या बघायला सुरुवात केली.

बजेट ऑन-रोड आठ लाखांच्या आसपास. डोक्यात तीन होत्या, वॅगनआर, टियागो आणि सेलेरिओ, तिन्ही सीएनजीच. ईव्हीचा विचार मनापासून केला होता पण सोसायटीत पार्किंगला चार्जर लावायची परवानगी मिळेना, तो विषय तिथेच संपला. वॅगनआर बाबांना आवडलेली, उंच असल्यामुळे गुडघे न वाकवता बसता येतं. टियागोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार मिळालेले, शिवाय सीएनजीमध्ये दोन छोटे सिलेंडर खाली आडवे असल्यामुळे डिकी वापरता येते, आणि सीएनजीमध्ये ऑटोमॅटिकही मिळते. ज्यांचा डावा पाय क्लचने दुखतो त्यांनी ती नक्की चालवून बघावी. पण कंपनीच्या आकड्यात मॅन्युअल टियागो किलोला २६.४९ आणि सेलेरिओ ३४.४३, आणि माझ्या रनिंगला हा फरक दर महिन्याला खिशातून जाणारा होता. त्यात फेब्रुवारी २०२५ पासून सेलेरिओच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आल्या. बायकोची एकच अट होती, कंटेनरच्या मधून रोज जाणार आहेस तर एअरबॅग सहाच पाहिजेत. ठरलं.

मार्चच्या राज्याच्या बजेटमध्ये सीएनजी गाड्यांचा रोड टॅक्स एक टक्का वाढणार असं आलं, म्हणून घाई करून ३० मार्चला पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आणली. सात टक्क्यात काम झालं, वाढ १ जुलैपासून लागू झाली, बरं वाटलं. आणि मग २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी सेससकट २९ वरून १८ वर आला. सात हजार वाचवले आणि साठेक हजार हुकले. चार दिवस जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ते सहा महिने जुन्या गाडीत काढले असते तर तेवढ्यात चाळीसेक हजार पेट्रोलमध्ये जास्तीचे गेलेच असते, असं म्हणून मन समजावलं.

आता मायलेज, सगळे आधी तेच विचारतात. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय. १९,६०० किलोमीटरमध्ये साधारण ७०० किलो गॅस आणि ५८ लिटर पेट्रोल गेलं. पेट्रोलवरचे किलोमीटर बाजूला काढले तर किलोला पावणेसत्तावीस पडतं. मेमध्ये एसी फुल असताना २५, पावसाळ्यात घोडबंदरचे खड्डे आणि मेट्रोच्या कामाचं ट्रॅफिक धरून २३-२४, आणि डिसेंबरात सकाळी एसी बंद ठेवून २९ पर्यंत गेलेली. ३४ मला एकदाही मिळालेलं नाही आणि या रस्त्यावर कोणाला मिळेल असं वाटत नाही. पण पावणेसत्तावीसलाही महिन्याचा खर्च साडेबारा हजारावरून सहा हजारांच्या आसपास आलाय. एका टाकीवरून मायलेज काढू नका, गॅस प्रेशरवर भरतो, एकदा सव्वासात किलो बसतो, एकदा आठ, आकडा फसवतो. दहा फिलिंगची सरासरी काढा, तेव्हा खरं कळतं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. मी दोन महिने मायलेजचे आकडे घोकले, रिव्ह्यू बघितले, चार शोरूम पालथे घातले आणि ज्या रस्त्याने रोज जातो त्या रस्त्यावर सीएनजी पंप कुठे आहे आणि तिथे किती वाजता किती लाईन असते हे एकदाही बघितलं नाही. सीएनजी घेणाऱ्याने गाडीच्या आधी पंप ठरवायला पाहिजे. सिलेंडर कागदावर ६० लिटरचा, पण ती पाण्याची मापं, गॅस प्रत्यक्षात आठ किलोच्या आसपास बसतो. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. माझ्या रनिंगला दर दोन-तीन दिवसांनी भरावाच लागतो, महिन्याला नऊ-दहा वेळा. पहिल्या महिन्यात मी संध्याकाळी घरी येताना भरायचो, तेव्हाच रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांची पाळी बदलते, लाईन मेन रोडपर्यंत आलेली. पस्तीस मिनिटं, चाळीस मिनिटं, एकदा तासाला पाच कमी. आणि नंबर लागल्यावर प्रेशर नाही, साडेसहा किलोवर मशीन थांबतं, म्हणजे एक दिवस आधीच परत लाईनीत. एप्रिल महिन्यात मी माझे सात-आठ तास पंपावर घालवलेत, वहीत लिहून ठेवलंय. मुलगी तोपर्यंत झोपलेली असायची.

मग शिफ्टमधल्या एका ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, अरे पहाटे भर, लाईन पण नसते आणि गॅस पण जास्त बसतो. आता साडेपाचला तळोज्याच्या अलीकडच्या एका पंपावर पोचतो. पुढे दोन-तीन टेम्पो असतात, बास. गाडीतून उतरायचं, इंजिन बंद, नोझल लावलं की आधी एक बारीक सुस्कारा येतो आणि मग पाईप ताठ होतो. मशीनचा आकडा सुरुवातीला पळतो, सहाच्या पुढे रेंगाळायला लागतो, ७.८०, ७.८५, मग प्रेशरचा काटा २०० बारला टेकला की खट् करून बंद. सात मिनिटांत मोकळा. पहाटे कॉम्प्रेसरवर ताण नसतो म्हणून प्रेशर पूर्ण मिळतं, आणि गार हवेत तेवढ्याच प्रेशरला जास्त गॅस मावतो, संध्याकाळच्या साडेसहाचे पहाटे पावणेआठ-आठ होतात ते त्यामुळे. हा एक बदल केला आणि मला गाडी आवडायला लागली. त्याआधी खरंच विकावी का असं वाटत होतं.

चालवायला कशी? शहरात छान, हलकी, क्लच मऊ, वळायला जागा कमी लागते. गॅसवर ताकद कमी होते हे मान्य करूनच घ्या, पेट्रोलवर ६७ पीएस, गॅसवर ५७ च्या आत. मुंब्रा बायपासच्या चढाला पुढे कंटेनर, मागे कंटेनर, गाडीत चार जण आणि एसी चालू असेल तर तिसऱ्या गिअरवर यावंच लागतं, ओव्हरटेकचा विचार सोडून द्यायचा. मी एसी दोन मिनिटं बंद करतो आणि रांगेत राहतो. डिकी जवळजवळ नाहीच, दोन लॅपटॉप बॅगा आणि भाजीची पिशवी. गणपतीला चिपळूणला गेलो तेव्हा आईबाबांना मागे बसवून बॅगा पायाशी आणि मांडीवर घेतल्या. महामार्गावर गॅसच्या लाईनी बघून जाताना सरळ पेट्रोलवर टाकली, तेव्हा १९-२० मिळालं. बाबांना चढ-उताराला हात द्यावा लागतो, ते अजून वॅगनआर वॅगनआर करतात आणि त्यांचं चूक नाहीये. घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर मायलेजमधले एक-दोन सोडून उंच गाडीच घ्या.

ऑगस्टच्या शेवटी मायलेज अचानक २३ च्या खाली गेलं, गाडी धक्के द्यायला लागली. सर्व्हिस सेंटरवाल्याने न विचारता बिलात कसलं तरी ॲडिटिव्ह आणि क्लीनिंग लावलं, फरक शून्य. रविवारी मीच बोनेट उघडून एअर फिल्टर काढला, कागदाच्या घड्यांमध्ये शिळफाट्याची धूळ पिठासारखी बसलेली, जमिनीवर आपटला तर तांबडा ढीग पडला. नवीन फिल्टर टाकला आणि आठवड्यात परत २६ वर. गॅसवर गाडीला स्वच्छ हवा आणि चांगले प्लग लागतातच, आपल्याकडच्या कंटेनरच्या रस्त्यावर कंपनीच्या शेड्यूलची वाट बघू नका, दर चार-पाच हजारांना फिल्टर उघडून बघा. टायरची हवा मी दर सोमवारी चेक करतो, दारातल्या स्टिकरप्रमाणे.

आणि पेट्रोलची टाकी कधीच कोरडी ठेवू नका. मी आधी दोनशे-तीनशेचं टाकायचो. नोव्हेंबरच्या मध्यात मुख्य गॅसलाईनला नुकसान झालं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत बरेच पंप बंद पडले, तेव्हा योगायोगाने आदल्या आठवड्यात दहा लिटर भरलेलं होतं म्हणून कामावर पोचलो. रिक्षावाले रात्रभर लाईनीत झोपलेले बघितलेत. तेव्हापासून पाव टाकी कायम असते, आणि आठवड्यातून एकदा तळोजा ते शिळफाटा मुद्दाम पेट्रोलवर चालवतो म्हणजे इंजेक्टर आणि पंप चालू राहतात.

रोजचं रनिंग वीस किलोमीटर असेल तर मात्र सीएनजीच्या भानगडीत पडू नका. पेट्रोल सेलेरिओपेक्षा मला नव्वदेक हजार जास्त पडले, माझे महिन्याला चार हजार वाचतात म्हणजे दोन वर्षांच्या आत वसूल. वीस किलोमीटरवाल्याचे हजार-अकराशे वाचतील, सात वर्षं लागतील, आणि तोवर दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), डिकी नाही, लाईनी आहेतच.

कंपनीत माझ्या लाईनवर काम करणारा एक मुलगा कल्याणहून येतो, त्यालाही हीच गाडी घ्यायचीय. परवा शिफ्ट सुटल्यावर शोरूमला जाऊया म्हणाला. त्याला आधी त्याच्या घरच्या रस्त्यावरच्या पंपावर घेऊन गेलो, शेवटच्या रिक्षाच्या मागे गाडी लावली आणि त्याला म्हटलं घड्याळ लाव. एकेचाळीस मिनिटं लागली, गॅस बसला ६.४० किलो. आता या आठवड्यात तो पहाटे पाचला तिथे जाऊन बघणार आहे.