गाडीची ताकद: महिन्याच्या वर्गणीवर की एकरकमी?

काही इलेक्ट्रिक गाड्यांत कमी आणि जास्त ताकदीला मोटर तीच, बॅटरी तीच, बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टरही तोच. पूर्ण ताकद अडवतं ते फक्त सॉफ्टवेअर. ती मर्यादा उठवायला कंपनी पैसे मागते आणि दोन वाटा दाखवते: दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरा, नाहीतर एकदाच रक्कम भरून विषय संपवा. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि शेवटी एकरकमी घेतली. वर्गणी चुकीचीच आहे असं मात्र म्हणणार नाही. काहींना तीच सोयीची पडेल.

आधी आकडे, कारण बरेच निर्णय तिथेच अडतात. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ च्या काही गाड्यांवर १५० किलोवॉटची ताकद १७० पर्यंत आणि टॉर्क (चाकं फिरवणारी ओढ) २६५ वरून ३१० न्यूटन मीटरपर्यंत वाढवण्याची सोय विकायला काढली: महिन्याला १६.५० पौंड, वर्षाला १६५, कायमची ६४९. मर्सिडीजने अमेरिकेत २०२२ मध्ये सुरुवात केली ती फक्त वार्षिक १,२०० डॉलरच्या वर्गणीने. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२३ मध्ये दर बदलले. ईक्यूई ३५० फोरमॅटिक या मॉडेलसाठी (२१५ वरून २६० किलोवॉट) महिना ६०, वर्ष ६००, कायमचे १,९५० डॉलर. ईक्यूएस ४५० फोरमॅटिकसाठी (२६५ वरून ३३०) महिना ९०, वर्ष ९००, कायमचे २,९५०.

भागाकार करून पाहा. आयडी.३ मध्ये मासिक वर्गणी एकरकमी किमतीला चाळिसाव्या महिन्यात गाठते, मर्सिडीजमध्ये तेहतिसाव्या. वार्षिक धरली तर आयडी.३ ला जवळजवळ चार वर्षं आणि मर्सिडीजला सव्वातीन वर्षं लागतात. म्हणजे गाडी दोन-अडीच वर्षांच्या लीजवर असेल तर वार्षिक वर्गणी सरळ स्वस्त आहे, आणि अशा माणसाने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. चार वर्षांहून जास्त गाडी ठेवणाऱ्याला हिशेब एकरकमीकडे नेतो. तरी माझा निर्णय हिशेबावर झाला नाही.

पैसे भरण्याआधी वाढीव ताकद वेगाच्या कोणत्या पट्ट्यात मिळते ते पाहावं. जाहिरातीत शून्य ते शंभरचा आकडा असतो. रोज चालवताना त्याचा उपयोग कमी. इलेक्ट्रिक मोटर सुरुवातीला टॉर्कच्या मर्यादेत चालते आणि एका ठरावीक फेऱ्यांनंतर किलोवॉटच्या मर्यादेत. आयडी.३ च्या आकड्यांवरून गणित मांडलं तर ही हद्द दोन्ही अवस्थांत मोटरच्या मिनिटाला ५,२०० ते ५,४०० फेऱ्यांच्या आसपास येते. त्याच्या खाली १७ टक्के जास्त ओढ मिळते, वर १३ टक्के. म्हणजे वाढ सगळीकडे थोडीथोडी पसरलेली आहे. पोलस्टार २ या इलेक्ट्रिक गाडीचं उलट: तिथे १,००० युरोत, एकदाच, ३०० वरून ३५० किलोवॉट मिळत होते, टॉर्क मात्र ६६० वरून ६८० एवढाच. सगळा जोर ७० ते १३० किमीच्या पट्ट्यात दिलेला, कंपनीच्या सांगण्यानुसार ८० ते १२० ला २.२ सेकंद, म्हणजे आधीपेक्षा अर्धा सेकंद कमी. सिग्नलवरून निघताना तिथे फारसं काही बदलत नाही, हायवेवर ओव्हरटेक करताना बदलतं. माझ्या मते पैसे देण्यासारखी वाढ ती हीच.

दुसरी गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही. बॅटरी उतरली किंवा थंड असली की वाढीव ताकद मिळत नाही. चार्ज कमी झाला की व्होल्टेज खाली येतं, तेवढेच किलोवॉट द्यायला करंट जास्त लागतो, आणि बॅटरी सांभाळणारी यंत्रणा तो करंट रोखते. ही मर्यादा रसायनाची आहे, पैसे भरून उठत नाही. म्हणून मोफत चाचणीचा महिना मिळत असेल (आयडी.३ वर मिळतो) तर तो नीट वापरावा. बॅटरी गरम असताना ८० टक्के चार्जवर ६० ते १०० किमी असा पूर्ण पेडल दाबून वेग घ्यावा. मग तोच प्रयोग त्याच रस्त्यावर २५ टक्के चार्जवर, आणि एकदा सकाळी थंड गाडीवर. लागोपाठ चार-पाच वेळा ओढून पाहावं; शेवटच्या वेळी जोर मंदावला तर उष्णतेची मर्यादा लागलेली असते. हातात स्टॉपवॉच नसलं तरी चालेल, पाठीला कळतं. मला ८० टक्क्यांवर फरक स्वच्छ जाणवला, २५ वर जवळजवळ नाहीच. जे लोक गाडी बहुतेक वेळ कमी चार्जवर वापरतात त्यांनी दोन्ही पर्याय सोडून द्यावेत.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला ती. वर्गणी संपते तेव्हा फक्त ताकद जात नाही, पेडल बदलतं.

अनेक गाड्यांत पेडल किती दाबलं याचा अर्थ 'उपलब्ध टॉर्कपैकी इतका हिस्सा द्या' असा लावला जातो. कमाल टॉर्क ३१० वरून २६५ वर आला की अर्ध्या पेडलवर मिळणारी ओढही साधारण १४-१५ टक्क्यांनी घटते. पायाला लागलेली सवय मात्र तशीच असते. दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या मागून बाहेर पडताना आपण गणित करत नाही, पाय अंदाज बांधतो. १,९०० किलोची गाडी ८० वरून ११० किमीवर न्यायला, हवा आणि घर्षण सोडून, १७० किलोवॉटला सुमारे २.५ सेकंद लागतात आणि १५० ला २.८. फरक सेकंदाच्या एक तृतीयांश. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वेगात तेवढ्या वेळात गाडी आठ-नऊ मीटर जाते, म्हणजे दोन गाड्यांची लांबी. ईक्यूएससारख्या गाडीत ताकद वीस टक्क्यांनी खाली येते, तेव्हा फरक आणखी जाणवणार.

ही घट जुन्या इंजिनासारखी हळूहळू होत नाही. एका तारखेला होते. कार्ड नाकारलं गेलं, बँकेने नवं दिलं, खातं बदललं, कारण कोणतंही असो. पुन्हा भरली की दुसऱ्या दिवशी पेडल परत वेगळं. गाडी कशी वागेल हे पैशांच्या व्यवहारावर अवलंबून राहू नये असं मला मनापासून वाटतं. गरम सीट वर्गणीवर असेल तर मी वाद घालणार नाही. बीएमडब्ल्यूने तो प्रकार २०२३ मध्ये मागे घेतला, पण बंद पडलेली सीट कुणाच्या अंदाजाला धोका देत नाही. पेडलचं तसं नाही. ज्यांना वर्गणीच घ्यायची आहे त्यांनी निदान मासिक न घेता वार्षिक घ्यावी, संपण्याची तारीख लिहून ठेवावी, आणि संपल्यानंतरचे काही दिवस ओव्हरटेकला जास्त जागा ठेवावी.

बाहेरच्या ट्यूनरबद्दल, म्हणजे कंपनीबाहेर गाडीचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देणाऱ्यांबद्दल, थोडक्यात. टर्बो पेट्रोल-डिझेलला तो रस्ता अजून आहे आणि पैशाला ताकद भरपूर मिळते. पण तिथली मर्यादा दर वेळी विक्रीसाठी घातलेली नसते. फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, आणि त्याच्यासोबत येणारी १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिनं नेमकी २५० वर थांबतात. तो आकडा ओलांडला की आधी क्लच घसरतो. तपासायचं तर वरच्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवरून पूर्ण पेडल द्यावं. फेऱ्या वर पळाल्या आणि वेग मागे राहिला, तर घसरण सुरू झाली. डिझेलमध्ये इंधन वाढवलं की काजळी वाढते, ती अडवणारा फिल्टर लवकर भरतो, त्यातली काजळी पुनःपुन्हा जाळावी लागते आणि त्यातून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. रीमॅपआधी, म्हणजे असं सॉफ्टवेअर बदलून घेण्याआधी, पार्ट कॅटलॉग उघडून कमी आणि जास्त ताकदीच्या मॉडेलचे टर्बो, इंजेक्टर, क्लच आणि रेडिएटरचे क्रमांक जुळवावेत. चारही जुळले तरच फरक फक्त सॉफ्टवेअरचा आहे असं धरावं.

रीमॅपची कटकट पुढे सुरू होते. सर्व्हिसमध्ये कंपनीची नवी फाइल चढली की रीमॅप पुसला जातो. आधी मूळ फाइल परत टाकली तरी सॉफ्टवेअर किती वेळा चढवलं ते मोजणारा काउंटर राहतोच. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीवर टीडी१ ही खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा दावा अडतो. इलेक्ट्रिकमध्ये हा मार्ग आणखी अरुंद आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ चं अधिकृत बूस्ट, म्हणजे जोर वाढवणारं अपग्रेड, २,००० डॉलरला होतं. कॅनडातल्या इंजेनेक्स्टने तसाच जोर देणारं मॉड्यूल बरंच स्वस्तात विकलं, पण २०२० मध्ये टेस्लाच्या एका अपडेटने ते ओळखलं आणि स्क्रीनवर विसंगत बदलाचा इशारा येऊ लागला. वॉरंटीतल्या गाडीला मी हा मार्ग सुचवणार नाही.

विम्याचं एक टोक अनेकांच्या नजरेतून सुटतं. ब्रिटनमधली ही आयडी.३ नोंदणीतच वाढीव ताकदीची, म्हणजे २२८ बीएचपीची दाखवली आहे. त्यामुळे ताकद चालू केल्यावर विमा कंपनीला वेगळं कळवावं लागत नाही. पण ज्याने एक पैसा भरला नाही त्याचाही विमा मोठ्या आकड्यावर ठरतो. युरोपीय नोंदणीपत्रात पी.२ या रकान्यात कमाल किलोवॉट असतात. खरेदीआधी तो वाचावा. तिथे वरचाच आकडा असेल तर विम्यातून मोठ्या आकड्याचा बोजा तुम्ही उचलताच आहात, आणि मग कुलूप कायमचं उघडून घेण्याकडे माझा कल आणखी वाढतो.

एकरकमी घेताना 'कायमची' म्हणजे कुणाची हे लेखी घ्यावं. आयडी.३ मध्ये ती गाडीसोबत राहते, पुढच्या मालकालाही मिळते. पावतीवर चासी क्रमांक हवा, नुसता ईमेल नको. कंट्रोल युनिट बदलावं लागलं तर परवाना फुकट परत चढवून देणार का, तेही विचारावं. आणि जुनी गाडी घेत असाल तर ॲपमध्ये 'चालू' दिसतं एवढ्यावर भागवू नका, चालू महिन्याची वर्गणीही तशीच दिसते. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्लाच्या एका वापरलेल्या मॉडेल एसवरून विक्रीनंतर ऑटोपायलटच्या (गाडी चालवायला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) सशुल्क सुविधा दूरवरून काढल्या गेल्या होत्या, बोभाटा झाल्यावर परत मिळाल्या. विकणाऱ्याला त्याचं खातं गाडीतून काढायला सांगा, गाडी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, आणि मग ६० ते १०० ओढून पाहा. पैसे त्यानंतर द्या.