लँगियम आणि टायपिर, सात महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, आमची स्वतःची प्रोग्रामिंग भाषा अगदी छोटी आहे, टीममधले जे लोक प्रोग्रामर नाहीत त्यांना हिशोबाचे नियम स्वतः लिहिता यावेत म्हणून केलेली. जुनं व्हर्जन सगळं हातानं लिहिलेलं, पार्सर (लिहिलेला कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग), रंग, ऑटोकम्प्लीट, आणि तेही एकाच एडिटरपुरतं, दुसरा एडिटर वापरणारा कोणी आला की त्याला द्यायला आमच्याकडे काहीच नसायचं. सात महिन्यांपूर्वी ते काढून टाकलं आणि लँगियमवर आलो, म्हणजे अशा छोट्या भाषा बनवायच्या टाइपस्क्रिप्टमधल्या साधनावर. टाइप चेकिंगसाठी (आकड्याच्या जागी मजकूर आला तर तो पकडायला) टायपिर नावाची लायब्ररी नंतर जोडली.

लँगियमवर मी खूश आहे. ग्रामर, म्हणजे भाषेचे लिहायचे नियम, लिहायचं, त्यातून पार्सर, त्यानं कोडचं जे झाड बनवलं त्याचे टाइपस्क्रिप्ट टाइप आणि एडिटरला चुका, सूचना पुरवणारा लँग्वेज सर्व्हर मिळतो. सर्व्हर एलएसपी (लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल) बोलतो, म्हणजे एडिटर आणि सर्व्हरनं एकमेकांशी बोलायचा, मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये जाहीर केलेला तोच प्रोटोकॉल, त्यामुळे व्हीएस कोड आणि निओव्हिम दोन्हीकडे एकच सर्व्हर चालतो. ग्रामरमध्ये चौकोनी कंसात क्रॉस रेफरन्स (हे नाव दुसरीकडे ठरवलेल्या कशाचं तरी आहे असा उल्लेख) लिहिला की गो टू डेफिनिशन आणि रीनेम जवळजवळ आयतं मिळतं, यासाठी आम्ही पूर्वी आठवडे घातले होते.

अडलो ते नावांवर. आयडीचा, म्हणजे नावं ओळखायचा, जो पॅटर्न सगळे सुरुवातीला घेतात तो फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो आणि आमच्या लोकांना देवनागरी नावं हवी होती. मी पॅटर्नमध्ये युनिकोडचा ‘अक्षर’ गट घातला आणि काम झालं असं समजलो, तर ‘दर’ चालायचं आणि ‘वेग’ फुटायचं! कारण मात्रा, अनुस्वार, हलंत हे युनिकोडमध्ये अक्षरांत नाही तर ‘मार्क’ गटात येतात, तो गटही घालावा लागतो. दुसरं, एलएसपी ओळीतली जागा यूटीएफ-१६ मध्ये मोजतो (युनिकोड अक्षरं साठवायची ही एक पद्धत, यूटीएफ-८ ही दुसरी; वेगळं ठरवलं नसेल तर), तिथे ‘वेग’ तीन भरतो पण यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट होतात, आमचं एक जुनं स्क्रिप्ट बाइट मोजायचं म्हणून चूक दाखवणारी लाल रेघ भलत्याच शब्दाखाली जायची.

आता टाइपबद्दल, कारण खरा फरक इथे पडला. पार्सर, कम्प्लीशन वगैरे तयार मिळायची सवय झालीये, पण टाइप चेकर मात्र प्रत्येक जण पुन्हा पहिल्यापासून लिहितो, आमचाही तसाच होता, ‘हे चालतं का’ असे इफ-एल्स वेगवेगळ्या फाइलींत पसरलेले. टायपिरमध्ये मूळ टाइप कोणते, कुठला ऑपरेटर कशावर चालतो, कशाचं कशात आपोआप रूपांतर होतं, हे एका जागी नियम म्हणून लिहायचं, आणि झाडातल्या कुठल्या नोडचा (तुकड्याचा) टाइप कसा काढायचा ते वेगळं सांगायचं.

याचा फायदा एका चुकीमुळे कळला, चूक माझीच. पूर्णांकातून दशांशात आपोआप रूपांतर ठेवलं होतं, ते ठीक. मग कोणीतरी म्हणालं मेसेजमध्ये आकडा जोडता यावा, म्हणून मी आकड्यातून मजकुरात पण आपोआप रूपांतर चालू केलं. दोन आठवड्यांनी एका रिपोर्टमध्ये १५ च्या जागी १०५ दिसले. नियमात १० + "५" होतं, पाच चुकून अवतरणात गेलेले, आणि चेकरनं हूं की चूं केलं नाही, कारण मीच त्याला ते चालतं म्हणून सांगितलं होतं. ती एक ओळ काढली, त्याजागी मजकूर() असं फंक्शन दिलं, आणि फाइली उघडल्याबरोबर आणखी तीन नियमांखाली लाल रेघा आल्या. जुन्या कोडमध्ये मला हे कुठे कुठे बदलावं लागलं असतं ते आठवून आजही धडकी भरते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. टाइप करताना कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो, त्यामुळे ज्याचा टाइप कळत नाही त्याच्यावर अवलंबून असलेल्या जागी वेगळी एरर दाखवूच नका. आम्ही दाखवायचो, एका नावात चूक झाली की खाली वीस एरर, लोक घाबरून एडिटर बंद करायचे. आता मूळ जागी एकच दिसते आणि मेसेजमध्ये दोन्ही टाइप साध्या मराठीत लिहिलेत, ‘इथे आकडा हवा, मजकूर आलाय’. लोक स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करायला लागले ते या मेसेजमुळे, इतक्या महिन्यांतलं मला सगळ्यात आवडलेलं हेच.

डॉक्युमेंटेशन ठीकठाक, मी जास्त उदाहरणांचा कोड वाचूनच शिकलो.

सध्या यादीचे टाइप घालायला घेतलेत आणि पूर्णांकांची यादी दशांशांच्या यादीच्या जागी चालावी का यावर आमचं घोडं अडलंय. नुसती वाचायची असेल तर चालेल, पण भर घालता येत असेल तर कोणीतरी तिच्यात २.५ टाकणार आणि ज्याची यादी आहे त्याला तो पूर्णांकांत सापडणार. हा निर्णय कुठलीच लायब्ररी आपल्यासाठी घेत नाही. तूर्तास यादी एकदा केली की बदलता येत नाही असं ठेवलंय.